घरी बसलेल्या माणसाची मजुरी

"तुमच्याकडे खर्च तरी काय असतो, मॅम?"

गावी राहून घरून करायच्या नोकरीच्या मुलाखतीत पगाराचं बोलणं निघालं की हा प्रश्न येतोच. विचारणारा माणूस वाईट नसतो. आवाजात आदर असतो, कधी थोडा हेवाही असतो. त्याच्या डोळ्यांपुढे गाव म्हणजे मोकळी हवा, स्वतःचं घर आणि घरचे तांदूळ. मग तो आकडा सांगतो. पुण्यात बसून हेच काम करणाऱ्याला जेवढं मिळतं, त्याहून तो बराच खाली असतो. काम तेच, क्लायंट तोच, पगार काढायची तारीखही तीच. घरचे तांदूळ आहेत, खरं आहे. पण ते घरच्यांनी बांधीत गुडघाभर चिखलात उभं राहून पिकवलेले आहेत. ते कंपनीने माझ्या पगारातून वजा का करावेत?

मी भंडारा जिल्ह्यात राहते, साकोलीच्या अलीकडे, महामार्ग सोडून थोडं आत. पगाराचे हिशेब करणं हे माझं काम. ऑफिसात त्याला पेरोल म्हणतात. वेगवेगळ्या कंपन्यांची हजेरी माझ्याकडे येते. तिच्यावरून पगार काढायचा, पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कामगार विमा), प्रोफेशनल टॅक्स, टीडीएस (देण्याआधीच कापायचा आयकर) कापायचा, पे-स्लिपा पाठवायच्या. आधी पुण्यात होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मी गावी आले, पुढे ऑफिसने भाड्याची जागाच सोडून दिली आणि मी इथेच राहिले. त्यानंतर कंपन्या बदलल्या, गाव नाही बदललं. दूर बसलेल्या माणसाला कंपन्या कसं वागवतात हे त्यामुळे मला दोन्हीकडून दिसतं. माझ्या पगारात दिसतं, आणि ज्यांचे पगार मी काढते त्यांच्या हजेरीतही दिसतं.

त्या कमी आकड्याचं आधी सांगते, कारण बाहेरून तो दिसतो तेवढा साधा नाही. पे-स्लिपमध्ये बेसिक असतो, एचआरए असतो, बाकीचे भत्ते असतात. एचआरए म्हणजे घरभाडं. पुण्या-मुंबईतल्या माणसाला भाडं जास्त पडतं, त्याला तो भत्ता जास्त मिळाला तर माझी काही तक्रार नाही. आयकराच्या नियमांनीही हा फरक मानला आहे: एचआरएची सूट महानगरात बेसिकच्या ५० टक्क्यांपर्यंत, इतरत्र ४० टक्क्यांपर्यंत. म्हणजे शहराचा जादा खर्च भरून काढायला पगारातच वेगळी ओळ आहे. कंपनीने त्या ओळीत हवा तेवढा फरक करावा. पण बहुतेक ठिकाणी गावातल्या माणसाचा बेसिकच खाली आणतात. बेसिक ही कामाची किंमत आहे. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, तिच्यावर निघते, नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने. कंपनीने पीएफपुरती १५,००० पगाराची मर्यादा धरलेली नसेल तर पीएफही तिच्यावरच निघतो, १२ टक्के माझे आणि तेवढेच कंपनीचे. मी आज गावात राहते म्हणून माझं म्हातारपणही स्वस्तात काढायचं, असा हा हिशेब होतो. मुलाखत घेणाऱ्याच्या मनात तसं नसेलही. हिशेबात मात्र तसंच उतरतं.

आणि खर्च नाही असं कोण म्हणतं? माझ्याकडे नेटची दोन कनेक्शनं आहेत. एक फायबरचं, ते खांबांवरून आलेलं आहे, ट्रॅक्टरची ट्रॉली उसासारखी उंच भरली की तुटतं. दुसरं मोबाईलचं. लाईन, म्हणजे वीज, जाऊन फार वेळ झाला की टॉवरची बॅटरी उतरते आणि तेही बसतं. इन्व्हर्टर आणि बॅटरी मी माझ्या पैशाने घेतली. खुर्ची माझी, टेबल माझं, वीजबिल माझं. घरात कुणाला काही झालं तर भंडारा गाठायचं, तिथून नागपूर. पुण्यात या सगळ्यातलं बरंचसं ऑफिसने दिलं होतं, आणि ते दिलंय असं त्यांना किंवा मला कधी वाटलंही नव्हतं.

लाईनचं जरा नीट सांगायला हवं, कारण शहरातल्या साहेबांना ती कशी असते हे माहीत नसतं. आमच्याकडे गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. शेतीला पाळीपाळीने ठरावीक तास, गावठाणाला दिवसरात्र. कागदावर हे चांगलं आहे, आणि एरवी बऱ्यापैकी चालतंही. पण मे महिना संपत आला की संध्याकाळी वादळ उठतं, एखादी फांदी तारेवर पडते, डीपीवरचा फ्यूज उडतो. मग लाईनमनला फोन. त्याच्याकडे कितीतरी गावं. तो बिचारा पावसात शिडी घेऊन फिरत असतो. आपला नंबर येईपर्यंत रात्र होते, कधी दुसरा दिवस उजाडतो. इन्व्हर्टर तेवढा वेळ पुरत नाही.

अशा एका संध्याकाळी मी मॅनेजरला कळवलं की लाईन नाही, लॅपटॉप तासाभरात बंद पडेल. उत्तर आलं, "यू शुड हॅव अ बॅकअप फॉर युवर बॅकअप." आई बाजूलाच बसली होती. तिला अर्थ सांगितला तर ती म्हणाली, "तुया सायबाले सांग ना, लाईन का तुया घरची आहे?" त्या महिन्याच्या माझ्या पे-स्लिपवर अर्धा दिवस बिनपगारी होता. कामाचं म्हणाल तर ते मी पहाटे उठून पूर्ण केलं होतं आणि क्लायंटला वेळेत पोचलं होतं.

इथे कंपनीचीही बाजू आहे, आणि ती मला पटते. पगाराच्या कामाला तारखा असतात. टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, पीएफ १५ पर्यंत. चुकलं तर दंड, व्याज. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पगाराची वाट बघत असलेली माणसं. कुणाचा बँकेचा हप्ता, कुणाच्या मुलीची फी. माझ्या गावची लाईन गेली म्हणून त्यांचा पगार अडू नये. तसंच माझ्या लॅपटॉपवर हजारो लोकांचे पगार, पॅन, बँक खाती असतात. तो लॅपटॉप घरात दुसऱ्या कुणी उघडू नये, कामाची खोली बंद असावी, हे कंपनीने मागितलं तर रास्तच आहे. मी स्वतः त्याबाबत कडक आहे. भाचे-पुतणे आले की माझ्या खोलीला कुलूप असतं.

पण रास्त मागणीलाही पैसे लागतात. तुम्हाला अखंड वीज हवी, दोन नेट हवेत, बंद शांत खोली हवी, तर त्यातला तुमचा वाटा किती, हे रुजू होण्याआधी बोलून कागदावर यायला हवं. पोर्तुगालने २०२१ मध्ये दूरस्थ कामाच्या कायद्यातच लिहून टाकलं की घरून कामामुळे वीज-इंटरनेटचा जो जादा खर्च होतो तो मालकाने द्यायचा. आपल्याकडे हे प्रत्येकाच्या नशिबावर आणि मॅनेजरच्या स्वभावावर सोडलेलं आहे.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला गेलात तर बापूंच्या दफ्तरात एक टेलिफोन दिसतो. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी तो बसवून दिला होता. गांधीजी १९३६ पासून त्या खेड्यात राहत होते आणि दिल्ली-सिमल्याला त्यांच्याशी वारंवार बोलावं लागत होतं. शाळेच्या सहलीत मी तो बघितला तेव्हा त्याचं एवढंच वाटलं की फोन जुना आहे. आता वाटतं, ज्याला खेड्यातल्या माणसाशी बोलायची गरज होती त्याने तार टाकून दिली. तेही ज्याच्याशी भांडण चालू होतं त्या माणसासाठी. "बोलायचं असेल तर तुम्ही फोनची सोय करा" असं काही त्याने सेवाग्रामला कळवलं नाही.

मे महिन्यातली दुपार ही तर वेगळीच परीक्षा. पारा ४५ ला टेकलेला असतो. कूलरशिवाय खोलीत बसता येत नाही, आणि आमचा कूलर सुरू झाला की शेजारच्या खोलीतलं बोलणंही ऐकू येत नाही. क्लायंटचा कॉल असला की कूलर बंद करायचा, रस्त्याकडची खिडकी लावायची, दार ओढून घ्यायचं. दहा मिनिटांत खोलीची भट्टी होते. एका हाताने ओढणीने कपाळ पुसायचं, दुसऱ्याने माउस. समोरचे लोक एसीत बसून शांतपणे एकेक ओळ तपासत असतात आणि मला माझा आवाज घाईचा वाटू द्यायचा नसतो. एकदा कूलर बंद करायला उशीर झाला, तर कॉलनंतर मेल आला: बॅकग्राउंड नॉइज, क्वालिटीचे गुण कमी. मी उत्तरात तापमान लिहिलं. त्यावर काही आलं नाही. आवाज गाळणारा चांगला हेडफोन कंपनीने पाठवला असता तर प्रश्न तिथेच संपला असता. शेवटी तोही मीच घेतला.

हे गुण कमी होण्याचं प्रकरण माझ्या घरात नवं नाही. आई बिड्या वळायची. आमच्या भंडारा-गोंदिया पट्ट्यात एके काळी घरोघरी हे काम होतं. रात्री तेंदूची पानं ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी घरचं आवरलं की ती ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसायची. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कैचीने तेवढा तुकडा कापायचा, चिमटीने तमाखू पसरायची, बोटांनी गुंडाळी करायची, तोंडं नखाने आत दुमडायची, दोऱ्याचे वेढे द्यायचे. हात इतका बसलेला की ती आमच्या पाढ्यांकडे लक्ष ठेवून हे करायची. पंचवीसचा एक कट्टा. संध्याकाळी टोपली घेऊन ठेकेदाराकडे जायचं. तिथे चेकर बसलेला असे. तो कट्टा उचलून अंगठ्याने दाबून बघायचा आणि सैल वाटल्या त्या बिड्या बाजूला टाकायचा. ती छाट. छाटीत गेलेल्या बिडीची मजुरी नाही, आणि ती बिडी परतही नाही. पान कमी भरलं तर तेही बाईच्याच माथी. लहानपणी मी तिच्यासोबत जायची तेव्हा सगळं लक्ष चेकरच्या अंगठ्याकडे असायचं.

पण या छाटीवरून, रजेवरून, मजुरीवरून बिडी कामगार भांडले, आणि त्यांच्या भांडणांतून कायदा घडत गेला. साठचं दशक सुरू होताना नागपूरच्या एका बिडी कारखान्यातल्या कामगारांचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्यांनी रजा घेतली, मालकाने रजेचा पगार नाकारला. मालकाचं म्हणणं असं की ही माणसं आपल्या मर्जीने येतात-जातात, नगावर पैसे घेतात, मग ती माझी कामगार कशी? न्यायालयाने त्यांना कामगार मानलं. वेळेची थोडी मोकळीक असली आणि मजुरी नगावर असली म्हणून मालकाचा ताबा सुटत नाही. माल पसंत करणं आणि नाकारणं त्याच्याच हातात होतं. ही माणसं कारखान्यात बसून काम करणारी होती. घरी बसून वळणाऱ्या बायांचं पुढे १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्यात आलं. मालकाने किंवा ठेकेदाराने कच्चा माल दिला आणि बाईने घरी बिडी वळली तर तीही कामगार, असं त्या कायद्याने स्पष्ट लिहिलं. कच्चा माल देण्यावरून, बिडी नाकारण्यावरून, छाटीच्या मजुरीवरून वाद झाला तर तो सोडवायला सरकारने अधिकारी नेमायचा, हेही त्यात होतं. मालक या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९८५ मध्ये आणखी एक निकाल आला: घरी बिडी वळणारीलाही पीएफ लागू.

हे मी पुस्तकात वाचायच्या आधी घरात पाहिलं आहे. आईकडे बिडी कामगाराचं ओळखपत्र होतं. १९७६ च्या कायद्याने बिडी कामगारांसाठी कल्याण निधी उभा केला होता, त्यातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळायची. मला ती मिळाली. माझ्या कॉलेजच्या पुस्तकांचे पैसे त्यातून आले. ओसरीवर बसून काम करणारी बाई कामगार आहे हे कुणीतरी कागदावर मान्य केलं म्हणून तिची मुलगी एम.कॉम. झाली.

आणि पुणे सुटल्यावर गावातून मिळालेल्या माझ्या पहिल्या नोकरीच्या कागदावर काय होतं? "कन्सल्टंट". पीएफ नाही. पगारी रजा नाही. महिन्याचे पैसे प्रोफेशनल फी म्हणून, १० टक्के टीडीएस कापून. जणू मी वकील किंवा सीए आहे आणि माझं स्वतंत्र दुकान आहे. पण सकाळी ९ ला लॉगिन सक्तीचं, संध्याकाळी ६ पर्यंत जागेवरून हलायचं नाही, दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही, रजेसाठी मॅनेजरची परवानगी. पेरोलचं काम करणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटत असेल! मी दिवसभर इतरांचा पीएफ भरायची आणि माझं स्वतःचं खातं थांबलेलं होतं. वेळ कंपनी ठरवणार, कामाची पद्धत कंपनी ठरवणार, छाट कंपनी काढणार, तर मग मी स्वतंत्र व्यावसायिक कुठल्या हिशेबाने? नागपूरच्या त्या कामगारांना साठ वर्षांपूर्वी मिळालेलं उत्तर माझ्या ऑफर लेटरपर्यंत पोचलेलंच नव्हतं. गावांतून काम करणाऱ्या मुला-मुलींना आज सर्रास असेच कागद दिले जातात. पहिल्याच नोकरीत कन्सल्टंट. त्यातल्या कित्येकांना पीएफ नावाची गोष्ट आपल्याला लागू असू शकते हेच ठाऊक नसतं, आणि हातात येणारा आकडा जरा मोठा दिसतो म्हणून ती खूशही असतात.

त्या नोकरीत लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर होतं. ते मधूनमधून स्क्रीनचा फोटो काढायचं आणि कीबोर्ड-माउस किती हलला यावरून दिवसाची टक्केवारी काढायचं. राज्यातल्या किमान वेतनाचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. तो पगारात बसवताना मी परिपत्रक छापून घेते आणि पेनने एकेका वर्गाचे आकडे ताडून बघते. स्क्रीनवर नजर घसरते, कागदावर घसरत नाही. त्या सॉफ्टवेअरच्या लेखी तो सगळा वेळ मी रिकामी होते. जे काम सर्वात जपून करायचं तेच कामचुकारपणात जमा झालं. मॅनेजरला मी तो खुणा केलेला कागद दाखवला. तो म्हणाला, "मला समजतं हो, पण सिस्टीम तसं दाखवते." चेकरच्या अंगठ्याशी निदान वाद तरी घालता यायचा. आई घालायची. "ही बिडी सैल आहे? तुमीच ओढून पहा!" असं ती सगळ्यांदेखत म्हणायची, आणि कधी कधी चेकर दोन-चार बिड्या परत कट्ट्यात ठेवायचा.

माणूस समोर नाही तर तो काम करतोय की नाही हे कळणार कसं, ही मालकाची काळजी मी समजू शकते. पण पगाराच्या कामात ते कळायला स्क्रीनचा फोटो लागत नाही. पगार बरोबर निघाले का, वेळेत निघाले का, चुका किती, चूक सापडल्यावर कळवली किती लवकर? हे बघा, आणि याच्यावर मला बोला. दिवसभर माउस हलवत ठेवणं कुणालाही जमतं. ज्यांच्यावर असा पहारा बसतो त्यांच्यातली हुशार माणसं तो चुकवायच्या युक्त्या शोधतात, आणि सरळ माणसं पाणी प्यायला उठायलाही बिचकतात. दोन्हींत कामाचं नुकसानच आहे.

दृष्टीआड सृष्टी, हे बढतीच्या वेळी कळतं. त्यावर फार लिहीत नाही. ऑफिसात चहाच्या वेळी जे ठरतं ते आमच्यापर्यंत मेल होऊन पोचतं, तेव्हा ते ठरून गेलेलं असतं. वर्षातून दोनदा कंपनीने स्वखर्चाने सगळ्यांना एकत्र बोलवावं. माझा अनुभव असा की एकदा भेटलेल्या माणसाशी नंतर वर्षभर फोनवर नीट बोलता येतं.

वेळेचं मात्र लिहायलाच हवं. मी घरी आहे म्हणजे मी कायम ऑफिसात आहे, असं धरून चालतात. रात्री जेवायला बसलं की मेसेज: "क्विक क्वेश्चन". रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे सगळं घर पहाटे बांधीवर जातं आणि रात्री लवकर निजतं. तेव्हा दहा वाजता अंधारात मी एकटीच फोनच्या उजेडात एक्सेल उघडून बसलेली असते. उत्तर दिलं नाही तर सकाळी विचारणा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा तासांना दुप्पट दर आहे, आणि माझ्या हाताखालून जाणाऱ्या हजेऱ्यांमध्ये कारखान्यातल्या माणसांचा ओव्हरटाइम व्यवस्थित लिहून येतो. घरून काम करणाऱ्यांच्या रकान्यात तिथे शून्य असतं. रात्रीचं "क्विक क्वेश्चन" कुणी तास म्हणून मोजतच नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आला, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ मध्ये. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी अशाच हक्काचं खाजगी विधेयक लोकसभेत मांडलं, पण त्याचा कायदा झालेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. बिडी कामगारांचा १९६६ चा कायदाही त्यांच्यात सामावला गेला. त्याआधी केंद्राने सेवाक्षेत्रासाठी केलेल्या नमुना स्थायी आदेशांच्या, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नियमांच्या, मसुद्यात घरून कामाचा उल्लेख होता, पण तो एवढाच, की नेमणुकीच्या अटींनुसार मालक घरून काम करू देऊ शकतो. करू दिल्यावर पुढे काय? वीज कुणाची, वेळ कुणाची, छाट कोण तपासणार?

दूरसंचार खात्याने नोव्हेंबर २०२० मध्ये कॉल सेंटर आणि बीपीओंवरचे नोंदणीचे, बँक हमीचे जुने नियम काढून टाकले, आणि तेव्हापासून देशात कुठूनही हे काम करायला मोकळीक झाली. आमच्यासारख्या गावांना त्याचा खरोखर फायदा झाला आहे. आमच्या गावात आता माझ्याशिवायही काही जण घरून काम करतात. कुणी हिंदीतून ग्राहकांच्या तक्रारी ऐकतं, कुणी दवाखान्यांची बिलं तपासतं. मुलींसाठी तर ही मोठी गोष्ट आहे, कारण पुण्या-नागपूरला खोली करून राहायला घरून परवानगी न मिळालेल्या कितीतरी जणी आहेत. म्हणून मला हे काम गावांत टिकायला हवं आहे, आणि नीट टिकायला हवं आहे.

याच मोकळिकीचा फायदा घेणारेही आलेत. "घरबसल्या डेटा एंट्री, रोजचे पैसे रोज" असे मेसेज गावात फिरतात. आधी नोंदणीचे पैसे भरायचे, मग पानांच्या पानं टाइप करायची, शेवटी सांगायचं की तुमची अचूकता कमी भरली, आता तुम्हीच कंपनीचं नुकसान भरून द्या, नाहीतर वकिलाची नोटीस. छाटीच्या नावाखाली उलटी वसुली. आमच्या गल्लीतल्या एका मुलाच्या वडिलांनी अशा नोटिशीला घाबरून पैसे भरलेही. मी आता भेटेल त्याला सांगते: काम देण्यासाठी जो पैसे मागतो तो मालक नव्हे, त्याला एक रुपयाही देऊ नका, आणि नोटिशीची धमकी आली तर १९३० वर तक्रार करा. सायबर फसवणुकीसाठीचा तो सरकारी क्रमांक आहे.

गेल्या महिन्यात शेजारची एक मुलगी ऑफर लेटर घेऊन आली. नागपूरच्या कंपनीचं काम, घरून. "ताई, पगार बरा वाटते, सही करू का?" आम्ही दोघींनी ओसरीवर बसून ते कागद ओळीओळीने वाचले. नेमणूक कर्मचारी म्हणून होती, पीएफ होता. पण लाईन गेली तर काय, हे कुठेच नव्हतं; आठवड्यातून दोन रात्रपाळ्या होत्या आणि त्यांच्यापुढे भत्त्याचा आकडा नव्हता; गुणांकनाबद्दल फक्त "मॅनेजमेंटचा निर्णय अंतिम" एवढंच. मी तिला म्हटलं, सहीआधी विचार. ती म्हणाली, विचारलं तर नोकरी जाईल. मलाही ती भीती माहीत आहे, म्हणून आम्ही मेल सौम्य लिहिला. सुरुवातीला कामाची तयारी आहे हे सांगितलं, मग तीन प्रश्न.

दोन दिवसांनी एचआरचा फोन आला. बाई चांगली होती. म्हणाली, हे प्रश्न याआधी कुणी विचारले नव्हते, वर बोलून सांगते. नंतर मेल आला. महावितरणचा बंदचा मेसेज किंवा गावच्या लाईनमनचा निरोप पुढे पाठवला तर तेवढे तास बिनपगारी धरणार नाहीत, त्याच आठवड्यात भरून द्यायचे. नेटसाठी महिन्याला काही रक्कम, बिल दाखवून. गुणांबद्दल हरकत असेल तर रेकॉर्डिंग ऐकवून टीम लीडरशी बोलता येईल. हे तिसरं वाचून मी आईला हाक मारून सांगितलं. रात्रपाळीच्या भत्त्यावर मात्र त्यांनी काहीच लिहिलं नाही. मुलगी एक तारखेला रुजू झाली आहे. पहिली पे-स्लिप आली की ती घेऊन ये असं मी तिला सांगून ठेवलंय; भत्त्याचं पुन्हा विचारायचं आहे, आणि या वेळी मेल ती स्वतः लिहिणार आहे.